साखर, श्वास आणि ऑटो वारबुर्ग

(द्वितीय वर्ष, कला)

माझे विषय मराठी आणि इतिहास. दहावीनंतर मी विज्ञानाकडे वळले नाही, कारण प्रयोगशाळेची फी आणि शिकवणीचा खर्च आमच्या घराला झेपणारा नव्हता. तेव्हा एका जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञाचे चरित्र मी का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. तो पडणे योग्यच आहे. म्हणून आधी त्याचे कारण सांगते.

आमचे घर ऊसतोडीचे. दसरा झाला की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी आई-वडील कोयते घेऊन बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावर जात आणि उन्हाळ्यात परतत. टोळीबरोबर गेलेल्या मुलांची शाळा सुटते. माझी सुटली नाही, कारण माझ्या विधवा आत्याने मला गावात ठेवून घेतले. तिला स्वतःला अक्षरओळख नाही. पण मी अभ्यासाला बसले की ती कंदील पुसून माझ्यापुढे ठेवी. मी आमच्या घराण्यातील पहिली महाविद्यालयीन विद्यार्थिनी आहे, आणि ते तिच्यामुळे.

गेल्या वर्षी आत्याच्या छातीत गाठ निघाली. तपासण्यांसाठी तिला मुंबईच्या एका रुग्णालयात न्यावे लागले. घरात वाचता येणारी मी, म्हणून बरोबर मीच गेले. तिथे तिचे एक चित्रण करायचे होते. त्याआधी सहा तास उपाशी राहायला सांगितले, रक्तातील साखर मोजली, आणि मग शिरेतून एक औषध दिले. ते औषध म्हणजे साखरेचाच एक प्रकार असून तिच्यावर किरण सोडणारी खूण लावलेली असते, असे तिथल्या परिचारिकेने समजावले. गाठ ही साखर ओढून घेते आणि म्हणून चित्रात उजळून दिसते. ऊस तोडून पोट भरणाऱ्या घरातल्या मला ते ऐकून कसेसेच झाले.

गावी परतल्यावर माझ्या मोबाईलवर कोणीतरी एक संदेश पाठवला. वारबुर्ग नावाच्या शास्त्रज्ञाला कर्करोगाचे मूळ कारण शोधल्याबद्दल 1931 चे नोबेल पारितोषिक मिळाले होते, कर्करोग साखरेवर जगतो, साखर तोडा म्हणजे तो उपाशी मरेल, असा त्याचा मथितार्थ. मी तो संदेश घरात सर्वांना वाचून दाखवला. शिकलेली मुलगी वाचते आहे म्हटल्यावर शंका कोण घेणार? त्या दिवसापासून आत्याचा गुळाचा चहा बंद झाला, भात बंद झाला, भाकरी अर्धी झाली. पहारा मीच ठेवला. दोन महिन्यांत तिचे वजन सहा किलोंनी उतरले, आणि औषधाच्या पुढच्या फेरीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ती फेरी पुढे ढकलली. काय खाते असे त्यांनी विचारले. आत्या गप्प राहिली, कारण खरे सांगितले असते तर बोल मला लागला असता. मीच सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले की वारबुर्ग मोठा माणूस होता, पण त्याला नोबेल त्यासाठी मिळाले नव्हते.

त्या एका वाक्याने मला ग्रंथालयात नेले. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील जीवशास्त्राच्या सरांनी मला अनेक दुपारी वेळ दिला आणि कठीण भाग समजावून सांगितला. पुढे जे लिहिले आहे ते त्या शोधातून.

ऑटो हाइनरिख वारबुर्ग यांचा जन्म 8 ऑक्टोबर 1883 रोजी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे झाला. वडील एमिल वारबुर्ग हे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचे घराणे मूळचे ज्यू. त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई ख्रिस्ती कुटुंबातील. पुढे वडिलांना बर्लिनला प्राध्यापकपद मिळाले आणि त्या काळचे मोठमोठे शास्त्रज्ञ त्यांच्या घरी येऊ लागले. आईनस्टाईनही या कुटुंबाचे स्नेही होते. मला पुस्तक कसे धरावे इथपासून शिकावे लागले, आणि या मुलाच्या जेवणाच्या टेबलावर विज्ञान वाढलेले असे! प्रारंभीचे हे अंतर वाचताना मला जरा हेवा वाटला, हे कबूल करते.

तरुण ऑटोने बर्लिनला एमिल फिशर या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली 1906 साली रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. नंतर हायडेलबर्गला जाऊन 1911 मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. कर्करोगावर आपण इलाज शोधू ही महत्त्वाकांक्षा त्यांनी तरुणपणीच धरली होती. पाश्चर आणि कॉख यांच्या पंक्तीत बसण्याचे त्यांचे स्वप्न होते.

मधल्या काळात इटलीत नेपल्सच्या सागरी जीवशास्त्र केंद्रात त्यांनी समुद्री अर्चिन या प्राण्याच्या अंड्यांवर काम केले. 1908 साली त्यांना दिसले की अंडे फलित होताच त्याचा प्राणवायूचा वापर एकदम सहापटीपर्यंत वाढतो. वाढीला ऊर्जा लागते आणि ऊर्जेसाठी श्वसन लागते, असा याचा अर्थ त्यांनी लावला. मग कर्करोगाची गाठ, जी अखंड वाढतच असते, तीही भरमसाट प्राणवायू वापरत असली पाहिजे. हा तर्क सरळ होता, पण पुढे तो खोटा ठरला. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध निरीक्षण या खोट्या ठरलेल्या तर्कातूनच निघाले.

पण त्याआधी युद्ध आले. 1914 साली वारबुर्ग प्रशियाच्या घोडदळात दाखल झाले, जखमी झाले, शौर्यपदकही मिळाले. घोड्यांची आवड त्यांना जन्मभर होती. युद्ध हरण्याच्या बेतात असताना, 1918 साली, आईनस्टाईन यांनी पत्र लिहून त्यांना आघाडी सोडून प्रयोगशाळेत परतण्याचा आग्रह केला. वारबुर्ग परतले आणि बर्लिनजवळच्या दालेम येथील कैसर विल्हेल्म संस्थेत कामाला लागले.

इथे त्यांनी दोन साधने हाती घेतली. एक म्हणजे अर्ध्या मिलीमीटरहूनही पातळ असे ऊतींचे काप. इतक्या पातळ कापात प्राणवायू आतपर्यंत पोचतो आणि पेशी काही तास जिवंत राहतात. दुसरे म्हणजे दाबमापक. बंद काचपात्रात काप ठेवायचा आणि पात्रातील वायू किती घटला वा वाढला हे नळीतील द्रवाच्या चढउतारावरून मोजायचे. हे उपकरण पुढे त्यांच्याच नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले गेले.

या ठिकाणी एक गोष्ट मला फार भावली. वारबुर्ग यांचे अनेक सहकारी विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. ते कारखान्यातील कार्यशाळांत उपकरणे बनवायला शिकलेले कारागीर होते. वारबुर्ग यांनी त्यांना रसायनशास्त्र शिकवले. नेगेलाइन, कुबोविट्झ, ख्रिस्तियान यांची नावे त्यांनी आपल्या शोधनिबंधांवर आपल्या नावाशेजारी छापली. इतका अभिमानी माणूस हाताच्या कसबाला एवढा मान देत असे, हे विशेष.

1923 च्या सुमारास त्यांनी उंदराच्या कर्करोगाचे काप काचपात्रात ठेवले. वापरलेला प्राणवायू मोजला, तर तो निरोगी ऊतीपेक्षा काही फार अधिक निघाला नाही. अधिक निघाले ते दुग्धाम्ल.

याचा अर्थ समजण्यासाठी सरांनी मला आमच्याच ओळखीचा दाखला दिला. गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाड वाळलेले असेल आणि हवा खेळती असेल तर जाळ लख्ख लागतो, राख उरते आणि काहील लवकर उकळते. हवा कोंडली तर चिपाड धुमसते, धूर फार आणि आच थोडी. पेशीचेही तसेच आहे. प्राणवायू असेल तर ती द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, पूर्ण जाळते आणि भरपूर ऊर्जा मिळवते. प्राणवायू नसेल तर ती शर्करा अर्धवट तोडून दुग्धाम्ल करते. याला किण्वन म्हणतात. त्यात एका शर्कराकणामागे ऊर्जेच्या केवळ दोन मोहरा पदरी पडतात. पूर्ण ज्वलनात सुमारे तीस. धावताना आपल्या स्नायूंत हे किण्वन थोडा वेळ चालते. पण प्राणवायू मिळताच निरोगी ऊती किण्वन आवरते घेतात. कर्करोगाच्या पेशी मात्र हवा मुबलक असतानाही धुमसतच राहिल्या. हे निरीक्षण 1924 साली प्रसिद्ध झाले आणि आज ते वारबुर्ग परिणाम म्हणून ओळखले जाते. 1927 मध्ये त्यांनी जिवंत उंदरांच्या गाठीत जाणारे आणि तिच्यातून बाहेर येणारे रक्त तपासले. गाठीतून जाताना रक्तातील शर्करेचा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून मोठा वाटा नाहीसा होत होता. निरोगी अवयवांतून जाताना त्यामानाने फारच थोडा.

नोबेलचा शोध मात्र निराळा. पेशी श्वास घेते म्हणजे नेमके काय करते, प्राणवायूला कोण पकडते, हा प्रश्न वारबुर्ग यांनी सोडवला. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने पेशीचे श्वसन बंद पडते, पण तीव्र प्रकाश टाकला की ते पुन्हा सुरू होते. कोणत्या रंगाचा प्रकाश किती परिणाम करतो हे एकेक मोजून त्यांनी दाखवले की श्वसनाचे विकर हे रक्तातील रंगद्रव्यासारखे लोहयुक्त आहे. न पाहिलेल्या पदार्थाची ओळख केवळ प्रकाशाच्या हिशेबाने पटवली. या श्वसनविकराच्या कार्याबद्दल त्यांना 1931 साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मला आलेल्या संदेशात वर्ष बरोबर होते, नाव बरोबर होते, आणि मधली गोष्ट खोटी होती.

त्याच साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून दालेमला त्यांच्यासाठी पेशी-शरीरक्रियाविज्ञानाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. पुढच्या काही वर्षांत त्यांनी शर्करेच्या विघटनातील अनेक विकरे शुद्ध केली आणि निकोटिनामाइडचे विकरांतील कार्य उलगडले. शर्करा ज्या पायऱ्यांनी तुटते त्या मार्गावरच्या खुणा आज जीवरसायनशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात असतात. त्यांतल्या कितीतरी या एका माणसाच्या आहेत.

यानंतरचा भाग इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला अवघड गेला. 1933 साली नाझी सत्तेवर आले. वारबुर्ग यांच्या हाताखाली 1926 ते 1930 काम केलेले हान्स क्रेब्ज ज्यू असल्याने फ्रायबुर्गमधील नोकरीतून काढले गेले आणि इंग्लंडला निघून गेले. तिथेच 1937 साली त्यांनी पेशीच्या ज्वलनाचे ते चक्र शोधले, ज्याला त्यांचे नाव मिळाले. ज्यू पित्याचा मुलगा असूनही वारबुर्ग मात्र जर्मनीतच राहिले. 1941 मध्ये त्यांना पदावरून दूर केले गेले, पण काही आठवड्यांतच हिटलरच्या कार्यालयातून हुकूम आला की त्यांनी कर्करोगावरील काम चालू ठेवावे. कर्करोगाची भीती सत्ताधाऱ्यांनाही होती, असे यावर अनेकांनी म्हटले आहे. ज्या राज्याने लाखो निरपराध माणसे मारली, त्याच्या छायेत हा माणूस आपल्या काचपात्रांशी बसून राहिला. विज्ञान सोडवले नाही म्हणून राहिला, की अभिमानामुळे राहिला? मी त्यांचा न्याय करू शकत नाही. पण थोर माणसाचे चरित्र लिहिताना हे पान गाळावे असेही मला वाटत नाही.

बाँबवर्षावामुळे 1943 मध्ये संस्था बर्लिनच्या उत्तरेकडील लीबेनबर्ग येथे हलवली गेली. 1945 साली रशियन सैन्याने तिथली उपकरणे उचलून नेली. 1950 मध्ये दालेमची संस्था पुन्हा सुरू झाली, तेव्हा वारबुर्ग 66 वर्षांचे होते.

आता त्यांच्या चुकीविषयी. पेशींचे श्वसन बिघडते, म्हणून त्या किण्वनावर जगू लागतात आणि म्हणून कर्करोग होतो, असा त्यांचा सिद्धांत होता. 1956 साली तो त्यांनी पुन्हा ठामपणे मांडला. त्याच वर्षी सिडनी वाइनहाउस या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की बहुतेक गाठींत श्वसन शाबूत असते. त्या जाळतातही आणि धुमसतातही. वारबुर्ग यांनी ते मानले नाही. विरोधकांची ते निर्भर्त्सना करीत. प्रकाशसंश्लेषणाच्या वादातही ते असेच एकटे पडले आणि चुकीचे ठरले. 1966 साली नोबेल विजेत्यांच्या लिंडाऊ येथील मेळाव्यात, वयाच्या 82 व्या वर्षी, ते कर्करोगाचे तेच कारण सांगत होते.

त्यांनी लग्न केले नाही. याकोब हाइस हे त्यांचे आयुष्यभराचे सोबती आणि संस्थेचे व्यवस्थापक. उतारवयात ते रसायने न वापरता पिकवलेल्या धान्याचा घरी भाजलेला पाव खात. काम मात्र एक दिवस थांबले नाही. 1968 मध्ये ग्रंथालयातील शिडीवरून पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले, आणि 1 ऑगस्ट 1970 रोजी त्यांचे बर्लिनमध्ये निधन झाले. कर्करोगाचा इलाज त्यांना सापडला नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी दोन गोष्टी घडल्या. 1976 मध्ये बिशप आणि वार्मस यांच्या चमूने दाखवले की कर्करोग घडवणाऱ्या जनुकाचे मूळ निरोगी पेशीतच असते. कारणाचा शोध त्यामुळे जनुकांकडे वळला आणि शर्करेचा बदल हा बहुधा त्याचा परिणाम ठरला. वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच बांधकामाचा माल लागतो, आणि शर्करा अर्धवट तोडताना तो माल हाती लागतो, असे आज मानले जाते. जखम भरताना आणि गर्भ वाढताना निरोगी पेशीही हेच करतात.

दुसरी गोष्ट म्हणजे, त्याच 1976 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात खूण लावलेली शर्करा प्रथमच माणसाला टोचली गेली. आत्याला मिळाली तीच. पेशीत शिरलेल्या शर्करेला हेक्झोकायनेज नावाचे विकर फॉस्फेटची गाठ मारते, म्हणजे ती बाहेर निसटत नाही. खुणेची शर्करा पुढे तुटत नाही, म्हणून तिथेच अडकते आणि उजळते. या विकराचे अनेक भाऊ आहेत. बहुतेक निरोगी पेशींचे काम पहिला भाऊ करतो. दुसरा भाऊ मोठ्या वयात मुख्यतः स्नायू, हृदय आणि चरबीत आढळतो; पण अनेक गाठींत तो भरपूर असतो. 2013 साली शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी प्रौढ उंदरांतून हा दुसरा भाऊच काढून टाकला. फुप्फुस आणि स्तनाच्या गाठींची वाढ रोखली गेली, आणि उंदरांना फारसा अपाय झाला नाही. गर्भावस्थेपासूनच तो नसेल तर मात्र उंदीर जन्मालाच येत नाही. उंदरावरचे यश म्हणजे माणसाचे औषध नव्हे, हेही सरांनी बजावले. पण वारबुर्ग यांच्या दाबमापकाने जी वाट दाखवली ती अजून चालू आहे, एवढे नक्की.

आत्याचे चित्र मी पाहिले तेव्हा गाठीबरोबर तिचा मेंदूही लख्ख उजळला होता. रोग डोक्यात गेला असे वाटून माझे पाय गळाले. डॉक्टरांनी सांगितले की मेंदू निरोगी आहे, तो शर्करेवरच चालतो, म्हणून उजळणारच. शरीराच्या एकूण ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा त्याला लागतो. आपण साखर खाल्ली नाही तरी यकृत ती तयार करते, आणि त्यासाठी स्नायू झिजवते. मी आत्याची साखर तोडली तेव्हा गाठ उपाशी राहिली नाही. आत्या राहिली.

वारबुर्ग यांनी मोजले ते खरे निघाले, आणि मोजमापाच्या पुढे जाऊन जे ठासून सांगितले ते टिकले नाही. मी तर मोजलेही नव्हते. नुसते वाचले होते आणि ठासून सांगितले होते. शिकलेल्या माणसाचा शब्द न शिकलेल्या घरात किती जड असतो, हे मला या प्रकरणात कळले. माझ्याप्रमाणे घरातून पहिल्यांदाच या महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मित्रमैत्रिणींनी तरी हे ध्यानात ठेवावे, म्हणून हा प्रपंच.

आत्याचे उपचार अजून चालू आहेत. वजन चार किलोंनी भरले आहे. हा लेख मी तिला वाचून दाखवला. वारबुर्ग हे नाव तिला उच्चारता आले नाही. त्या म्हाताऱ्याला शेवटी दवा गावली का, असे तिने विचारले. नाही म्हटल्यावर ती जरा वेळ गप्प बसली, आणि मग मला चहा ठेवायला सांगितला. गुळाचा.